सातबोटे मास्तर

मास्तरांच्या डोक्याला, उजव्या कानाच्या वर, एक खाच होती. तिथे केस उगवत नसत. केस कापायला गेले की न्हावी हटकून विचारायचा, "मास्तर, इथं काय झालं वो?" मास्तर आरशातून माझ्याकडे बघत आणि सांगत, "मशीन पडली." ती मशीन म्हणजे मी. मुरबाडच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये भर दुपारी शिरून लोखंडी पाइपानं ती खाच मी पाडली होती. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, आणि त्या माणसाला मारायचं हे मी अकराव्या वर्षीच ठरवून ठेवलं होतं.

आमचं घर सापगावला. भातशेती थोडी, म्हणून वडील मुरबाडच्या एका कारखान्यात नोकरीला होते. पत्रा दाबून सुटे भाग काढायचा कारखाना. वडील तिथे सुपरवायझर. मी पाचवीत असताना एक दिवस त्यांना दोन माणसांनी धरून घरी आणलं. तोंडाची अर्धी बाजू पट्टीत होती. एका कामगारानं पान्यानं मारलं होतं. डावा डोळा गेला. कामगाराला तुरुंगात टाकलं, आणि कारखान्यानं थोड्या दिवसांनी वडिलांनाही घरी बसवलं.

वडील घरी बसले आणि उरलेल्या डोळ्यानं आमच्यावर पहारा करू लागले. भाकरी करपली की आईला मार. बैल सुटला की मला मार. हातात कासरा असायचा. प्रत्येक फटक्याबरोबर ते त्या कामगाराला शिवी घालत, त्यामुळे मला वाटायचं, मला मारतोय तो कामगारच. त्या कामगाराची तीन बोटं त्याआधी कारखान्यातच गेली होती, हे मी ऐकलं होतं. ती कशी गेली ते घरात कुणी बोलत नसे. दारू पिऊन कामावर आला असेल, असं मी धरून चाललो होतो.

तो सुटून आलाय, मुरबाडला क्लास चालवतो आणि लोक त्याला 'सातबोटे मास्तर' म्हणतात, हे मला एका मित्रानं सांगितलं. मी दोन मित्र घेतले, एक पाइप घेतला आणि एस.टी. पकडली. क्लास एका खताच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. दुपारची वेळ, मुलं जेवायला गेलेली. आत एक बारकासा माणूस पाठमोरा बसून टाईप करत होता. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधे काही नाही. डाव्या हाताची बोटं भरभर पडत आणि उजवी करंगळी मधूनच टक्कन यायची.

"सातबोट्या तूच क?" मी विचारलं.

"मीच. बसा ना. ॲडमिशनला आलात?"

मी पहिला फटका मॉनिटरवर घातला. काच आतल्या आत फुटली, फटाक्यासारखा आवाज झाला. मित्रांनी बाकीचे घेतले. मास्तर मारामारीला उठले नाहीत. ते धावत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या एका डब्याशी गेले आणि त्याच्यावर ओणवे झाले. "ह्याला नको! ह्यात दोन वर्षांचं काम हाय रे!" त्यांनी हे सांगायला नको होतं. मी बाकी सगळं सोडून त्या डब्याकडे गेलो. ते हटेनात, म्हणून पाइप त्यांच्या डोक्यात घातला. नारळ फोडताना येतो तसा आवाज आला. ते घसरून खाली बसले, तरी हात डब्याभोवतीच होते. ते हात मी सोडवले, डबा उचलला आणि गॅलरीतून खाली रस्त्यावर फेकला.

मित्र पळाले. मी मात्र गॅलरीतून खाली त्या फुटक्या डब्याकडे बघत उभा राहिलो. खाली जमलेल्या लोकांनी मला वर येऊन धरलं, तुडवलं आणि चौकीत नेलं. संध्याकाळी मास्तर आले, डोक्याला अकरा टाके आणि बँडेज. हवालदारानं त्यांच्या समोर माझ्या कानाखाली काढली. मास्तर म्हणाले, "त्याला मारू नका. त्यानं मला मारलंय, तुमाला नाय." मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी आडनावासकट वडिलांचं नाव सांगितलं. ते नाव त्यांनी एकदा स्वतःशीच उच्चारलं.

"माझी तक्रार नाय," मग ते हवालदाराला म्हणाले. "पण ह्यानं फोडलंय, ते ह्यानंच जोडायचं. रोज यायचं. आला नाय तर मग तुमी बघा."

अशी माझी ॲडमिशन झाली.

घरी मी सांगितलं की मुरबाडला काम मिळालंय. सकाळच्या गाडीनं जायचो, जिना चढायचो आणि फुटलेले डबे उघडत बसायचो. जिवंत भाग एका बाजूला, मेलेले दुसऱ्या बाजूला. मास्तर खुर्चीत बसून सांगत. पहिले आठ दिवस मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांचं एक वाक्य मात्र दिवसातून दहा वेळा कानावर यायचं : "आधी झाकण उघड." पंखा आवाज करतोय, झाकण उघड. मशीन चालू होत नाही, झाकण उघड. "ज्याचं झाकण आपल्याला उघडता येत नाय, त्या मशीनजवळ बसायचं नाय," असं ते क्लासच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत.

त्यांची सिस्टिमही तसलीच होती. तुरुंगातून सुटल्यावर कुठल्याच कारखान्यानं त्यांना उभं केलं नाही. बायको आधीच माहेरी निघून गेली होती. कल्याणच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात ते झाडलोट करायला राहिले आणि बघून बघून शिकले. तिथे एका मासिकाबरोबर आलेली लिनक्स नावाच्या सिस्टिमची सीडी मालकानं कचऱ्यात टाकली, ती यांनी उचलली. "ही कुणा एका कंपनीची नाय," ते मला सांगत, मी ऐको न ऐको. "जगभरची माणसं आपापल्या घरी बसून लिहितात. कुणी प्रिंटरचं लिहितो, कुणी अक्षरांचं. लिहिलेलं सगळं उघडं. कुणीही वाचायचं, बदलायचं, दुसऱ्याला कॉपी द्यायची. अट एवढीच, तू बदलून पुढं दिलंस तर तुझंपण उघडं ठेवायचं. झाकण मारायचं नाय."

"आणि कुणी वाटोळं केलं तर?" हा माझा त्यांच्याशी बोललेला पहिला प्रश्न.

"मग बाकीचे त्याला शिव्या घालतात आणि त्याचं घेत नायत," मास्तर म्हणाले. "घेणारी माणसं ठरलेली असतात. ती वाचून बघतात, पटलं तरच आत."

तीन मशिनी उभ्या राहिल्या. रस्त्यावर फेकलेल्या डब्यातली डिस्क मात्र गेली होती. मास्तर दोन वर्षं त्या सिस्टिमची मराठी करत होते. मेनू, सूचना, चुकलं की येणारे निरोप, हजारो ओळी. ते सगळं मी संपवलं होतं, आणि खरं सांगतो, तेव्हा मला त्याचं समाधान होतं. एक दिवस ते म्हणाले, "चल कल्याणला." शेअर जीपमध्ये आम्ही मांडीला मांडी लावून बसलो. खड्डा आला की त्यांचा हात आपोआप डोक्याच्या बँडेजवर जायचा. कल्याणच्या सायबर कॅफेत त्यांनी कसलासा पत्ता टाईप केला आणि त्यांच्या सगळ्या फाइली एकामागोमाग एक उतरायला लागल्या. दर शनिवारी ते फ्लॉपी घेऊन तिथे येत आणि झालेलं काम मराठी करणाऱ्यांच्या ग्रुपच्या सर्व्हरवर चढवत. तिथून ते आणखी किती जणांकडे गेलं होतं याचा त्यांनाही पत्ता नव्हता. त्या दिवशी डब्यावर ओणवे होताना मात्र हे त्यांना आठवलंच नव्हतं.

"नागपूरला एक बाई हाय, तिच्याकडे हाय. ब्राझीलला एक जण हाय, त्याला मराठीचा म कळत नाय, तरी त्याच्याकडे हाय," ते म्हणाले. "फोड आता. हे कल्याणचं फोड, मग नागपूरला जा, मग ब्राझीलला जा."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचा भयंकर राग आला. तेवढ्यात मास्तरच स्क्रीनवर ओरडले. मधल्या काळात त्या नागपूरच्या बाईंनी त्यांच्या दोन ओळी सुधारल्या होत्या. "माझा शब्द बदलला! हिला कुणी सांगितलं?" कॅफेवाला बघायला लागला. परत येताना जीपमध्ये अर्ध्या वाटेवर ते पुटपुटले, "तिचाच शब्द बरोबर हाय."

त्यानंतर मी शिकायला लागलो. शिकवताना त्यांचे दाखले मुरबाडचेच असत. "गिरणीवर भात घेऊन जातो आपण. दहा जणांची पोती असतात. गिरणवाला एकेकाचं थोडं थोडं घालतो, कुणाचा कोंडा कुणात जाऊ देत नाय. प्रोग्राम म्हणजे पोती घेऊन आलेली माणसं, आणि गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो गिरणवाला. मेमरी असू दे, डिस्क असू दे, मागायचं त्याच्याकडे. आपण थेट मशीनमधे हात घालायचा नाय." मग उजवा हात वर करून मुलांना दाखवत. "घातला की काय होतं, हे बघा." मुलं हसत. मला हसता येत नसे.

रूट या खात्याबद्दल ते फार कडक होते. त्या खात्यातून बसलं की सिस्टिम कशालाही आडकाठी करत नाही, सगळं पुसून टाकायला सांगितलं तर पुसून टाकते. "रूट म्हणजे उपसलेला कोयता. काम झालं की म्यानात." एकदा मी दिवसभर रूट म्हणूनच काम करत बसलो आणि एका चुकीच्या ओळीनं क्लासच्या सगळ्या मुलांच्या फाइली उडवल्या. मास्तरांनी मागून येऊन माझ्या थोबाडीत मारली. मी खुर्ची लाथेनं उडवून त्यांची गचांडी धरली. आम्ही टेबलावर, मग जमिनीवर आपटलो. त्यांच्या अंगात ताकद नव्हती, पण ते चावले. माझ्या मनगटातून रक्त आलं. मी त्यांच्या छातीवर बसलो, मूठ वर उचलली आणि बघतो तर टाके काढलेल्या जागेतून पुन्हा लाल यायला लागलं होतं. मी उठलो. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी आणून त्यांना दिलं. अंगठा आणि करंगळीत पेला धरून ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "फाइली परत टाकू. माझ्याकडे कॉपी हाय."

पण त्यांनी मला खरं शिकवलं ते थोड्या दिवसांनी. एक प्रोग्राम अडकला होता. तो बंद करायला मी नेहमीप्रमाणे 'किल' लिहून पुढे नऊचा आकडा टाकला. मास्तरांनी माझा हात धरला.

"नऊ कशाला?"

"लगेच मरतो."

"नुसतं किल लिही. म्हणजे पंधरा नंबर जातो. पंधरा म्हणजे त्याला सांगणं, बाबा आवर, निघायचंय. तो हातातलं काम ठेवतो, उघडलेल्या फाइली मिटतो आणि जातो. नाय ऐकलं तर परत सांगायचं. आणि मगच नऊ. नऊ दिला की त्याला कळतपण नाय कोणी मारलं, सगळं अर्धवट पडतं." मग ते स्क्रीनकडेच बघत म्हणाले, "तुझ्या बापसाला मी थेट नऊ दिला."

मी हात त्यांच्या हातातून सोडवून घेतला.

"पत्रा दाबणाऱ्या प्रेसला गार्ड असतो. हात आत असला की प्रेस खाली येत नाय. पण गार्डनं काम हळू होतं. तुझ्या बापसानं गार्डचा स्विच तारेनं बांधून ठेवला होता. सगळ्याच मशिनींचा. हात अडकला तेव्हा मी ओरडलो. बंद करायचं पॅनेल कुलपात, किल्ली त्याच्या खिशात. तो आधी साहेबाला विचारायला गेला, मशीन बंद करू क म्हणून. तेवढा वेळ माझा हात आत होता." ते हे एकेक शब्द मोजल्यासारखं बोलत होते. "बरा होऊन आलो तर म्हणाले, चूक कामगाराची. मी पाना उचलला. त्याला विचारलं नाय, ओरडलो नाय, शिवी पण दिली नाय. तो वहीत काहीतरी लिहीत होता. मान वर केली आणि मी मारला. त्याला मला बघायला पण मिळालं नाय."

त्या दिवशी मी घरी गेलो आणि ओसरीवर बसलेल्या वडिलांना सरळ विचारलं, "गार्डचा स्विच तुमी बांधला होता क?" त्यांना कळलं मी कुठे जातो ते. त्यांनी कासरा उचलला. पहिला फटका मी खाल्ला. "बाबा, मारू नका," मी म्हणालो. दुसरा मानेवर आला. तिसऱ्याला मी कासरा धरला आणि ओढला. ते तोल जाऊन ओट्यावर तोंडावर आपटले. दात ओठात घुसला. मी त्यांना लाथ मारायला पाय उचलला, तेवढ्यात आई आमच्या दोघांच्या मधे पडली.

"बस झालं!" ती किंचाळली. "खरं हाय ते! त्या रोजी घरी येऊन रडत होता तुझा बापूस. पाणी पण पीत नव्हता. मीच बोलले, कुणाला सांगू नको."

वडिलांनी ओठ पुसला. हाताला लागलेलं रक्त बघितलं. "माझ्या डोक्यावर पण साहेब होता," एवढंच म्हणाले.

मी कपडे पिशवीत भरले आणि मुरबाडला मास्तरांकडे राहायला गेलो. बापाला पाडून आलो, हे मी जरा अभिमानानंच सांगितलं. मास्तर तांदळाच्या भाकरीला पाणी लावत होते.

"आधी सांगितलंस क त्याला, मारू नको म्हणून?"

"सांगितलं."

"किती वेळा?"

"एकदा."

"कमी हाय," ते म्हणाले आणि भाकरी उलटली.

आम्ही पुढे पाच वर्षं एकत्र राहिलो. आसपासच्या शाळांमध्ये जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून बसवायचो. सिद्धगडाखालच्या एका आश्रमशाळेत दोन बसवले. तिथले गुरुजी त्याच डोंगरातल्या पाड्यावरचे, शिकून परत आलेले. मुलांनी टाईप केलेला धडा ते स्क्रीनवर वाचत होते आणि एकदम हसायला लागले. "मास्तर, तुमच्या मशिनीनं आमच्याकडं समुद्र आणला!" मुलांनी लिहिलं होतं, 'आमच्या गावाभोवती दऱ्या आहेत.' स्क्रीनवर आलं होतं, 'दर्या आहेत.' तो अर्धा र मराठीत दोन तऱ्हांनी लिहितात, सिस्टिमला एकच माहीत होती. गुरुजी हसले, पण मास्तर हसले नाहीत. उतरताना सगळी वाट ते त्या अक्षराबद्दल बोलत होते. "पोरांनी बरोबर लिहिलंय. मशीन त्यांना चूक ठरवते."

मग लढाई सुरू झाली. त्यांचं इंग्रजी कच्चं, म्हणून ते मराठीत सांगत आणि मी अक्षरांचं काम बघणाऱ्या ग्रुपला पत्र लिहायचो. "तू गाढव आहेस, हे पण लिही," ते म्हणत. मी गाळायचो. ते करंगळी स्क्रीनवर टेकवून तपासत, "गाढव कुठाय?" एकदा मी वैतागून खरंच लिहिलं आणि आम्हाला पंधरा दिवस ग्रुपमधून बाहेर काढलं. समोरच्यांचं म्हणणं होतं की असलं अक्षर फार थोड्यांना लागतं. मास्तरांनी उत्तर दिलं, "किती माणसांना लागलं की अक्षर बरोबर करता ते सांगा, तेवढी माणसं डोंगरातनं खाली आणून उभी करतो." शेवटी कुणा परक्या देशातल्या माणसानं कळवलं, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण कोड घाणेरडा लिहिलाय, नीट करून पाठवा. आम्ही पाठवला. परत आला. पुन्हा पाठवला. चार वेळा परत आला. पाचव्यांदा घेतला, आणि बदलाच्या नोंदीत मास्तरांचं आणि माझं, दोघांचं नाव आलं.

"चार वेळा नाय बोल्ला तो," मास्तर म्हणाले. "मी चार वेळा शिव्या घातल्या. पण कुणी कुणाचा डोळा फोडला नाय." त्या दिवशी त्यांनी सुकटीचं कालवण केलं होतं आणि स्वतः एक घासही न खाता माझं जेवण बघत बसले होते.

पुढच्या पावसाळ्यात क्लास चालू असताना ते खुर्चीवरून पडले. दात आवळले, हातपाय आपटायला लागले, तोंडाला फेस आला. मुलं घाबरून ओरडली. मी त्यांना कुशीवर वळवून धरून बसलो. कल्याणच्या डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला जुना मार आहे का?" मास्तर म्हणाले, "मशीन पडली होती." डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की फिट त्या मारामुळेच येतेय, आणखी येतील, गोळ्या चुकवू नका, पाण्याच्या आणि चढउताराच्या जागी एकटं सोडू नका. परतीच्या जीपमध्ये मी म्हणालो, "मास्तर, हे मी केलं."

"गप बस," ते म्हणाले. "तुझ्या बापसाचा डोळा परत आला क? मग?"

त्यानंतर डोंगरात जायचं झालं की मी बरोबर असायचोच.

मग मला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. त्यांचं सॉफ्टवेअर बंद झाकणाचं. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जा. जाऊन झाकणं ठोकत बस." एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "तुमची बोटं कापली गेली म्हणून जगानं काय हात कापून घ्यायचे?" त्यांनी कीबोर्ड उचलून माझ्या तोंडावर फेकला. भुवई फुटली. मी त्यांची कॉलर धरून भिंतीला दाबलं आणि मूठ आवळली. त्यांनी डोळे मिटून घेतले. हात वर केला नाही, तोंड फिरवलं नाही. माझ्या भुवईचं रक्त त्यांच्या सदऱ्यावर पडत होतं. मी कॉलर सोडली आणि जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी आश्रमशाळेत जायचं ठरलेलं होतं. मी शहापूरला मित्राकडे बसून राहिलो. वाटलं, माझ्याशिवाय ते जाणार नाहीत. ते गेले. शाळेतलं काम करून उतरताना खडकाळ वाटेवर त्यांना फिट आली. गुराखी बायांना ते ओहोळात पडलेले दिसले. पाड्यावरच्या लोकांनी घोंगडीची झोळी करून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं, पण ते वाटेतच गेले. गुरुजींचा फोन आला तेव्हा माझ्या भुवईवर पट्टी होती आणि मी पुण्याला जायची गाडी कुठून सुटते ते विचारत होतो.

पुण्याला मी गेलो नाही. क्लास पुढे मी चालवला, अजून चालवतो. पण सांगायचंय ते त्यांना नेलं त्या दिवसाचं.

मास्तरांचा एक पुतण्या तेवढा आला होता. बाकी क्लासची मुलं, गुरुजी, खताच्या दुकानाचे मालक. तिरडी उचलायच्या वेळी मी पुढचा डावा बांबू धरला. मागून कुणीतरी न विचारता खांदा दिला. मी मान वळवली तर वडील. आईला मी सापगावच्या शेजाऱ्यांच्या फोनवर कळवलं होतं. ते येतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आम्ही पाच वर्षं बोललो नव्हतो. ते सगळी वाट खाली बघून चालले. चिता पेटली तेव्हा पुतण्या रडला, गुरुजी रडले. वडील उभे राहिले ते शेवटपर्यंत उभेच राहिले, धूर उरल्या डोळ्यात जात होता तरी सरकले नाहीत.

नंतर आम्ही स्टँडवर सापगावच्या गाडीची वाट बघत बसलो. एक-दोन गाड्या आल्या, त्या आमच्या नव्हत्या.

"केवढासा होता रे," वडील एकदम म्हणाले. ते आपल्या खांद्याकडे बघत होते. "काय वजनच नव्हतं. माझ्याच हाताखालचा, तरी मला इतकी वर्षं वाटायचं, भला दांडगा गडी होता."